विळ्याला लाईट लागली, पंप मिळाला पौडला : एका रिझर्व्हचं पोस्टमॉर्टम

आधीच सांगतो, गाडी बंद पडली नाही. तरीही हे प्रकरण लिहावंसं वाटलं कारण पेट्रोलची पिवळी लाईट नक्की कधी लागायला हवी या एका प्रश्नावर नंतर मी चार महिने वही घेऊन बसलो, बायकोने त्या वहीला "रिझर्व्ह बँक" असं नाव ठेवलं, आणि जे हाती आलं ते माझ्या अंदाजाच्या बरंच उलटं निघालं.

२६ जानेवारीला जोडून आलेला लाँग वीकेंड होता. दिवेआगरहून पुण्याला परत येत होतो, मी, बायको, मुलगी, मागे आई-बाबा, आणि डिकीत सामान सोडून चार डझन नारळ, जे आईला तिथे स्वस्त वाटले म्हणून. गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअलमध्ये टाकी ४२ लिटरची. म्हसळ्यावरून माणगावला आलो तेव्हा मीटरवर अजून १३० किलोमीटर जाईल असं दाखवत होतं आणि ताम्हिणीमार्गे घर साधारण १०५. बायको म्हणाली, "इथेच भरून घे ना." पंपावर रांग रस्त्यापर्यंत आलेली, मी म्हटलं, २५ किलोमीटर जास्तीचे आहेत की, चांदणी चौकात आपल्या नेहमीच्या पंपावर भरू. हे वाक्य पुढे दोन तास मला ऐकवलं गेलं.

माणगावच्या ट्रॅफिकमध्ये एसी चालू ठेवून पाऊण तास गेला. उभ्या गाडीत एसी चालू असेल तर तासाला लिटरच्या आसपास पेट्रोल सहज जातं, पण किलोमीटर एकही पुढे सरकत नाही, हा हिशोब तेव्हा डोक्यात नव्हता. निजामपूर गेलं, आणि विळ्याच्या जरा अलीकडे टुंग असा आवाज येऊन लाईट लागली. आकडा ८२. चांदणी चौक साधारण ७५ ते ८०. म्हणजे १३० वजा माणगावपासूनचे २२ करून १०८ उरायला हवे होते, पण वाटेत २६ किलोमीटर कुठेतरी उडाले.

इथे परत फिरणं शहाणपणाचं होतं, पण परत म्हणजे पुन्हा तोच ट्रॅफिक. पुढे निघालो.

घाट सुरू झाला आणि आकडा पडायला लागला तो शेअर बाजारासारखा. ८२ चे ७०, पुढच्या वळणाला ६१, दुसऱ्या गिअरमध्ये भरलेली गाडी ओढताना ४८, आणि वर आलो तेव्हा ३४. गाडी चालली होती जेमतेम पंधरा किलोमीटर आणि आकडा खाली आला ४८ ने. अंधार पडलेला, मोबाईलला रेंज नाही, उजवीकडे दरी. एसी कधीच बंद केला होता, खिडक्या उघडल्या तर मुलगी म्हणते थंडी वाजते. मागून बाबा शांतपणे म्हणाले, "आमच्या चेतक स्कूटरला रिझर्व्हची चावी होती." बस, एवढंच. बायकोने त्यांच्याकडे वळून बघितलं आणि हसली, माझ्याकडे बघितलं तेव्हा हसली नाही.

आणि मग सगळ्यात भारी प्रकार झाला, आकडा ३० च्या खाली गेल्यावर गायबच झाला. त्याच्या जागी तीन आडव्या रेघा. म्हणजे जेव्हा माणसाला त्या आकड्याची खरी गरज असते नेमकं तेव्हाच मीटर मौनव्रत घेतं. हे बऱ्याच गाड्यांमध्ये मुद्दाम केलेलं असतं, बहुधा शेवटच्या टप्प्यात अंदाज चुकला तर ग्राहक कंपनीला धरणार म्हणून आकडाच द्यायचा नाही. त्यांची बाजू समजते मला, पण त्या रात्री नाही समजली.

ताम्हिणीच्या पुढे एका टपरीवर थांबलो. भजी, चहा, मॅगी, आणि विचारल्यावर आतून बिसलरीच्या दोन बाटल्या आल्या. दीडशे रुपये लिटर. बाटलीतलं पेट्रोल घेऊ नये, भेसळीचा भरवसा नसतो, प्लास्टिकच्या बाटलीत ते ठेवणं धोक्याचं, हे सगळं मला माहीत आहे. दोन लिटर घेतलं. पेपरचं नरसाळं करून टाकीत ओतलं, त्यातलं थोडं बुटावर. बाबा आता गप्प नव्हते, टपरीवाल्याला चेतकची गोष्ट सांगत होते.

पुढे मुळशीच्या पाण्याच्या कडेकडेने रस्ता बऱ्यापैकी सपाट, गाडी हलकी पळत होती, रेघा मात्र तशाच. पौडला पंप दिसला तेव्हा घाईत गाडी उलट्या बाजूने लावली आणि परत फिरवावी लागली. मीटरवर पंपाच्या चित्राशेजारी छोटा बाण असतो तो टाकीचं झाकण कुठल्या बाजूला आहे ते सांगतो, फोर्डमधल्या जिम मॉयलन नावाच्या इंजिनियरने १९८६ मध्ये सुचवलेली युक्ती, पावसात चुकीच्या बाजूला गाडी लावून भिजल्यावर सुचली म्हणतात. इतकी वर्षं गाडी चालवतोय, तो बाण मी त्या रात्री पहिल्यांदा नीट बघितला.

टाकी ऑटो कटपर्यंत, म्हणजे नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरली, ३८.२ लिटर. म्हणजे आत साधारण ३.८ होतं. त्यातलं दोनच्या जरा आतबाहेर बाटलीतलं. बाटली घेतली नसती तर पौडला पोचताना टाकीत पावणेदोन-दोन लिटर असतं.

खरं प्रकरण इथून सुरू होतं. घरी आल्यावर झोप येईना म्हणून उलटा हिशोब मांडला. विळे ते पौड साधारण ५३ किलोमीटर. त्यातला पंधरा किलोमीटर चढ. माणसं, नारळ, गाडी धरून वजन दीड टन. माणगाव जवळजवळ समुद्रसपाटीला, वरचं पठार साधारण ६०० मीटरवर. दीड टन ६०० मीटर वर उचलायला लागते साधारण पावणेनऊ मेगाज्यूल ऊर्जा. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल असतात पण इंजिन त्यातला पाव भागच चाकापर्यंत पोचवतं, बाकी उष्णता बनून उडते. म्हणजे लिटरमागे आठ कामाचे. नुसतं वजन वर चढवायलाच लिटरभराहून जरा जास्त, आणि पंधरा किलोमीटर रस्ता कापायचा तो वेगळा. एकूण दोन लिटर. घाटातलं अ‍ॅव्हरेज साडेसात. वरच्या ३८ किलोमीटरला सोळाच्या हिशोबाने २.४. मिळून ४.४ लिटर, आणि लाईट लागताना टाकीत सहा-सव्वासहा लिटर असणार असं निघालं.

आता मजा बघा. सहा लिटरपैकी दोन घाटात, उरले चार, त्यात सोळाने ६४ किलोमीटर. म्हणजे विळ्याहून टाकी पूर्ण कोरडी होईपर्यंत गाडी गेली असती सुमारे ७९ किलोमीटर. मीटर म्हणत होतं ८२. जवळजवळ बरोबर! पण तेच मीटर घाटमाथ्यावर ३४ म्हणत होतं, तिथे खरं उत्तर ६४ च्या आसपास. खाली असताना आकड्याने मला धीर दिला आणि वर गेल्यावर घाबरवलं, आणि दोन्ही वेळा त्याचं कारण एकच होतं. तो आकडा म्हणजे उरलेले लिटर गुणिले आत्ताआत्ताचं अ‍ॅव्हरेज. मागचे वीस-तीस किलोमीटर जसे गेले तसेच पुढचे जाणार असं तो धरून चालतो. खाली सपाट रस्ता मागे होता आणि घाट पुढे, वर घाट मागे आणि सपाट पुढे. गाडी आरशात बघून पुढचा रस्ता सांगत होती. ८२ बरोबर आला तो शुद्ध योगायोग, एक चूक दुसऱ्या चुकीने भरून निघाली इतकंच.

उलट दिशेने अजून फसगत होते. घाट उतरताना गिअरमध्ये गाडी सोडली की आजकालच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या पेट्रोल जवळजवळ बंद करतात, अ‍ॅव्हरेज आकाशाला भिडतं, आणि कोकणात उतरल्यावर मीटर म्हणतं अजून ७०० किलोमीटर. मग मी दिवेआगरला पेट्रोल भरलं नाही यात नवल काय.

लाईट मात्र वेगळी आहे, आणि हे मला आधी माहीत नव्हतं. मला वाटायचं लाईट आणि आकडा एकाच हिशोबातून येतात. चाकणला गाड्यांचे मीटर बनवणाऱ्या कंपनीत एक मित्र आहे, त्याला फोन केला तर तो म्हणाला की अरे लाईट बिचारी फक्त पातळी बघते. टाकीत एक तरंगता फ्लोट, त्याला तारेचा हात, तो हात एका रेझिस्टरच्या पट्टीवरून सरकतो, पातळी उतरली की रेझिस्टन्स बदलतो आणि ठरलेल्या आकड्याला लाईट लागते. गाडी हलली की पेट्रोल डचमळतं, काटा नाचू नये म्हणून मीटर थोड्या वेळाची सरासरी काढूनच दाखवतं. जुन्या गाड्यांमध्ये लाईटसाठी वेगळा थर्मिस्टर, म्हणजे तापमानाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारा छोटा तुकडा असायचा, पेट्रोलमध्ये बुडालेला असेपर्यंत थंड राहायचा, उघडा पडला की तापायचा, तापला की त्यातून जास्त करंट जायचा आणि दिवा लागायचा. मला हे फार आवडलं, ना कॉम्प्युटर ना सॉफ्टवेअर, पेट्रोल संपतंय हे पेट्रोलच्या गारव्यावरून कळायचं.

मग वही. दर वेळी लाईट लागली की किलोमीटर लिहायचे, त्याच पंपावर त्याच नोझलला पहिल्या कटपर्यंत भरायचं, मधल्या किलोमीटरचं पेट्रोल त्या दिवसाच्या अ‍ॅव्हरेजने काढून भरलेल्या लिटरमधून वजा करायचं, आणि उरेल ते ४२ मधून. चार महिन्यांत सात वेळा. पंपाच्या कटमध्ये थोडी चूक येतेच, त्यामुळे हे काही प्रयोगशाळेचं काम नाही. आलं काय, तर लाईट लागताना टाकीत कमीत कमी ५.४ लिटर, जास्तीत जास्त ७.१, बाकी सगळे सहाच्या आजूबाजूला. ७.१ आलं ते कात्रजच्या चढाला, ५.४ खंबाटकीच्या उतारावर. गाडी तिरकी असली की पेट्रोल टाकीच्या एका टोकाला जातं आणि फ्लोटला वाटतं कमी झालं किंवा वाढलं. एसी, एकटा, चौघं, पाऊस, काहीही असो, किलोमीटरचा आकडा ६० पासून ९५ पर्यंत नाचला पण लिटर तेवढे स्थिर राहिले. म्हणजे ज्या लाईटला मी शिव्या घालत होतो ती एकटीच खरं बोलत होती, फक्त ती पूर्ण वाक्य बोलत नव्हती. मॅन्युअलमध्ये लिहिलंय, "लाईट लागल्यावर शक्य तितक्या लवकर इंधन भरा." किती लिटरला लागते? कुठेच नाही.

मग लाईट कधी लागायला हवी, हा मूळ प्रश्न. माझा हिशोब असा. ज्या रस्त्यांना मी जातो त्यात पंपाशिवायचा लांब पट्टा ५०-६० किलोमीटरचा धरतो, रात्री पंप बंद असतात हे धरून. सगळ्यात वाईट अ‍ॅव्हरेज, भरलेली गाडी, चढ, एसी, धरू नऊ. ६० भागिले नऊ, पावणेसात लिटर. शिवाय तळातलं लिटर-सव्वा लिटर मी धरतच नाही, कारण चढावर ते मागच्या कोपऱ्यात जमतं आणि इंजिनला पेट्रोल पुरवणारा गाडीतला पंप हवा ओढतो. पेट्रोल गाडीत हा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोलनेच थंड होतो, त्यामुळे रोज तळाला गाडी पळवली तर पंप लवकर मरतो. डिझेलवाल्यांचं अजून अवघड, एकदा एअर घेतली की बऱ्याचदा नुसतं डिझेल ओतून भागत नाही, एअर काढत बसावं लागतं. तर मिळून आठ लिटर. माझ्या गाडीत ती सहाला लागते, माझ्या मते आठला लागायला हवी.

झालं, सापडलं उत्तर, असं वाटून मित्राला सांगितलं तर तो हसला. म्हणे आठला लावली की शहरातला माणूस काय करेल? शहरात बाराचं अ‍ॅव्हरेज, आठ लिटर म्हणजे नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर, रोज ऑफिसला जाऊन येऊन वीस, म्हणजे दर टाकीचे शेवटचे चार-साडेचार दिवस डोळ्यासमोर पिवळी लाईट. दोन महिन्यांत त्याला ती दिसायची बंद होते. आणि मग एक दिवस तोच माणूस घाटात जातो.

याचं जिवंत उदाहरण माझ्या मेव्हण्याच्या घरी उभं आहे. सीएनजी गाडी, पेट्रोल नावापुरतं. गाडी सुरू पेट्रोलवर होते, जरा गरम झाली की गॅसवर जाते, आणि हा पठ्ठ्या महिना महिना तीन लिटरच्या वर पेट्रोल ठेवत नाही. लाईट कायम चालू. त्याला विचारलं तर म्हणतो, "दाजी, ती तशीच असते." गेल्या दिवाळीत हडपसरला गॅसच्या रांगेत तासभर उभा राहून कंटाळून निघाला, रस्त्यात गॅस संपला, गाडी पेट्रोलवर गेली आणि दीड किलोमीटरवर आचके देत थांबली. लाईट चालू होतीच की. पण जी कायम चालू असते ती लाईट इशारा कसला देणार, ती मीटरची सजावट झाली.

म्हणून आठवर ठाम असलेला मी आता जरा सरकलोय. लाईट सहालाच राहू दे, पण सहा म्हणजे सहा हे मीटरवर लिटरमध्ये लिहा. फ्लोटचा आकडा मीटरकडे आहेच, त्यातूनच तो गुणाकार करून किलोमीटर दाखवतो, मग गुणाकाराआधीचा खरा आकडा लपवायचा कशाला. लिटर दिसले असते तर घाटमाथ्यावर चार दिसलं असतं, पुढे सपाट आहे हे मला माहीत होतं, मी शांतपणे भजी खाल्ली असती. आणि दुसरा टप्पा हवा, तीन लिटरला, वेगळ्या आवाजाचा, लुकलुकणारा, जो शहरातल्या माणसालाही महिन्यातून एखाद वेळीच ऐकू येईल. आणि त्या तीन रेघा काढून टाका. आकडा चुकीचा असेल तर चुकीचा द्या, सोबत लिहा अंदाजे, पण गप्प बसू नका.

मित्राचं म्हणणं, लिटर लिहिले तर लोक पंपावर जाऊन भांडतील की टाकी ४२ ची, आत तीन दाखवत होतं आणि तू ४० कसे घातलेस. हे मात्र खरं आहे, ४२ हा आकडा मानेपर्यंतचा नसतो, वर वाफेसाठी जागा सोडलेली असते, नळीत अजून थोडं मावतं. पण पंपावर भांडणं आत्ताही कमी होत नाहीत.

अजून एक गोष्ट वहीतून कळली ती लाईटशी थेट संबंधित नाही पण सांगतो. माझी गाडी २०१७ ची, तेव्हा वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपावर नव्हतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण तिसरा हिस्सा कमी, म्हणजे वीस टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत कागदावर सहा-सात टक्के घट. सहा लिटरची लाईट तेव्हाही सहालाच लागायची, आजही सहालाच लागते, पण त्या सहा लिटरमध्ये आता पाच-सहा किलोमीटर कमी बसतात. फ्लोटला ते कळत नाही.

आता चेतकचं. बाबांचं म्हणणं मी त्या रात्री टोमणा समजलो होतो, पण नंतर नीट बसून विचारलं. स्कूटर चालता चालता आचके द्यायला लागली की सीटखाली हात घालून चावी रिझर्व्हला फिरवायची, बस, त्यानंतर टाकीत नक्की किती आहे ते प्रत्येकाला पाठ. लाईट नाही, आवाज नाही, गाडीच थांबते. दुर्लक्ष करायची सोयच नाही, कारण हात घातल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आणि रिझर्व्हही संपलं की स्कूटर आडवी करून कोपऱ्यातलं शेवटचं थेंब थेंब पेट्रोल नळाकडे आणायचं आणि तेवढ्यावर पंप गाठायचा. त्यांच्या मते आमच्या पिढीला लाईट कधी लागते हा प्रश्न पडतो कारण आम्हाला चावी फिरवावी लागत नाही. मी म्हटलं, बाबा, तुम्ही पण कितीदा चावी परत फिरवायला विसरलात आणि रिझर्व्हवरच चालवत राहिलात. आई आतून म्हणाली, "कितीदा म्हणजे? लग्नात पण उशीर झाला होता."

डॅशबोर्डवर आता एक चिठ्ठी चिकटवली आहे, बायकोच्या अक्षरात : लाईट = ६ लिटर, घाट = २ लिटर, माणगाव = भर. मार्चमध्ये परत गेलो तेव्हा माणगावला रांग तेवढीच होती, वीस मिनिटं उभे राहिलो, टाकी अर्धी होती तरी.

तिच्या स्कूटीचं मात्र अजून मोजायचं राहिलंय. काटा लाल पट्ट्यात गेला की ती म्हणते अजून दोन दिवस जाते, आणि जाते खरी.